तिसऱ्या नळीचं पाणी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा काही कुणी हौसेनं आखलेला प्रवास नव्हे. रजा टाकून, बॅग भरून इकडे फिरायला आलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मी मात्र दीड वर्षात सहाव्यांदा जाऊन आले, तेही दर वेळी एकाच कामासाठी. जमिनीखालच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो का, ते पाहायला. आमच्या सांगलीच्या शेजारीणबाई विचारतात, "या वेळी कुठं?" मी सांगते. मग त्या म्हणतात, "परत तिथंच? जवळ माथेरान आहे म्हणे, तिकडं का पाठवत नाहीत तुम्हाला?" माथेरानला मोटारी नाहीत, त्यामुळे पेट्रोलपंप नाही, त्यामुळे माझ्यासारखीचं तिथे काही काम नाही, हे मी त्यांना तीनदा समजावलंय. त्यांना अजूनही वाटतं की मला कंपनीत कुणी विचारत नाही.

मी भूजलाची माणूस. पेट्रोलपंपाच्या पोटात, जमिनीखाली, पेट्रोलच्या टाक्या पुरलेल्या असतात. टाकी जुनी झाली की गंजते, एखाद्या सांध्यातून पाझरते, आणि वर कुणाला पत्ता लागत नाही. खाली मुरमात ते पेट्रोल उतरत जातं, पाण्याला गाठतं आणि पाण्याबरोबर उताराच्या दिशेनं चालू लागतं. अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या पट्ट्यात, चिखलोलीच्या बाजूला, रस्त्यावरच्या एका पंपाच्या आधीच्या मालकाच्या काळात हेच झालं. चालत चालत ते पेट्रोल ज्या विहिरीत पोचलं, ती हिराकाकींची.

मंगळवार, कॅम्प चार

आम्ही दोघं. मी आणि शिंदे. शिंदे आमचे तंत्रज्ञ, गाडीही तेच चालवतात आणि माझ्या चुकाही तेच मोजतात. मुक्काम नेहमीप्रमाणे उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. पहिल्यांदा आले तेव्हा गावाला एक, दोन, तीन असे नंबर कसे काय दिलेत याचं नवल वाटलं होतं. आता मीच रिक्षावाल्याला "चार नंबर" असं तोऱ्यात सांगते.

सकाळी दाल-पकवान खाल्लं. आमच्याकडे सकाळी पोहे खातात आणि चहा पिऊन कामाला लागतात. इथे कुरकुरीत पकवानावर हरभऱ्याची डाळ, तीवर चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा घेऊन लोक असे बसतात, जणू दिवसभरात दुसरं काही करायचंच नाही. शिंद्यांनी पहिल्या फेरीत "हे काय सकाळी सकाळी तळलेलं" म्हणून नाक मुरडलं होतं. या खेपेला त्यांनी तिसरं पकवान मागवलं. मी नुसतं पाहिलं.

मग गोपीभाईंच्या वर्कशॉपवर गेलो. गोपीभाई सिंधी, साठीचे, आणि त्यांच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात जगातली कुठलीही वस्तू तयार होते. पाण्याचा नमुना काढायची आमची एक लांब नळकांडी येताना गाडीत मोडली होती. तिचे दोन तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ये बाहर का माल आहे?" त्यांनी विचारलं.

"हो, बाहेरून मागवलेलं."

"तभी तुटला," गोपीभाई म्हणाले. "बसा मॅडम, चाय पिओ. अपना बना के देतो."

चहा संपायच्या आत नळकांडी तयार झाली. खालच्या तोंडाला आपण होऊन त्यांनी एक जादा गोळी बसवली होती, पाणी परत सांडू नये म्हणून. मूळ बनवणाऱ्यांना ते सुचलं नव्हतं, हे मला कबूल करावं लागलं.

त्याच दुपारी, काकींच्या दारात

काकींचं घर पंपाच्या मागे, उताराला. एका बाजूला नवे टॉवर उभे राहतायत. कुणीही भेटलं की नवं स्टेशन कुठे होणार ते हात लांब करून दाखवतं, आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला जातो. दुसऱ्या बाजूला अजून भाताची खाचरं आहेत. माघाचे दिवस, भात कधीच कापून झालेला, आणि खाचरात वालाचे वेल. लांब मलंगगडाचा सुळका.

विहीर बांधीव, काकींच्या सासऱ्यांनी खणलेली. आता तिच्यावर लोखंडी जाळी आहे आणि पाणी वापरू नये अशी पाटी. आत आमचा पंप सोडलाय. तो विहिरीतलं पाणी उपसतो. ते कोळसा भरलेल्या तीन निळ्या पिंपांतून जातं. कोळसा पेट्रोल धरून ठेवतो, आणि साफ झालेलं पाणी एका पाइपातून गटाराला लागतं. असं पाणी काढत राहायचं, साफ करत राहायचं, म्हणजे जमीन हळूहळू सुटते. किती हळूहळू, ते सांगायची वेळ आली की मी विषय बदलते.

पाणी किती सुधारलं ते कळावं म्हणून जमिनीत तीन नळ्या उभ्या पुरल्या आहेत. पहिली पेट्रोलपंपाच्या कुंपणाशी, दुसरी मधे, आणि तिसरी विहिरीच्या अगदी शेजारी, काकींच्या तुळशीपासून चार पावलांवर. तिसरी मागच्या फेरीत बसवली. बसवली तेव्हा तिच्यातून असा भपकारा आला होता की शिंद्यांनी खिशातला लायटर लांब गाडीत नेऊन ठेवला. प्रत्येक नळीला झाकण आणि झाकणाला कुलूप. तिसरीची किल्ली आम्ही काकींकडे ठेवली, कारण पहिल्या दोन नळ्यांच्या किल्ल्या शिंद्यांनी एकेकदा हरवल्या होत्या.

काकी सत्तरीच्या आत-बाहेर, नऊवारी गुडघ्यापर्यंत चापून नेसलेल्या, आणि अंगणात आलेल्या माणसाला आधी भाकरी नि मग नाव विचारणाऱ्या. त्या धवलारीण आहेत. इकडच्या आगरी लग्नांत भटजींच्या बरोबरीनं धवलारणीचा मान. ती लग्नाचे विधी गाण्यांतून लावते, त्या गाण्याला धवला म्हणतात. पंचक्रोशीतल्या शेकडो पोरी काकींच्या धवल्यानं सासरी गेल्या होत्या. आता त्यांच्या स्वतःच्या नातीचं, मनीषाचं लग्न होतं. रविवारी लग्न, शनिवारी हळद.

"हलदीचं पानी आमचे इहिरीचंच पायजे," काकी म्हणाल्या. "माझं ह्याच पान्यानं झालं, माझे पोरीचं ह्याच पान्यानं झालं. हिचं नलाचे पान्यानं करू का? मॅडम, तुमी सांगा. शनवारपर्यंत व्हईल का?"

मी म्हटलं, बघू. तिसरी नळी उघडली. झाकणाला हळदकुंकू लागलेलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. आमच्याकडेही नवीन बोअरला नारळ फोडतात. वाफ हुंगणारं यंत्र आत सोडलं. मागच्या फेरीत हे यंत्र तिथे कोकललं होतं, आज गप्प. नळकांडीनं पाणी काढलं. स्वच्छ, वास नाही. पुन्हा काढलं. शिंद्यांनी हुंगलं, मी हुंगलं.

आता इथे शहाण्या माणसानं काय करावं? वहीत आकडे लिहावेत, नमुने ठाण्याच्या प्रयोगशाळेला पाठवावेत आणि तोंड बंद ठेवावं. हे मी नव्या मुलींना प्रशिक्षणात शिकवते. पण काकी समोर उभ्या होत्या, पदर मुठीत धरून. मी म्हणाले, "काकी, या वेळी बरं दिसतंय."

एवढंच म्हणाले. काकींनी ऐकलं ते "पाणी चांगलं झालं". संध्याकाळी नाक्यावरच्या पानवाल्यानं माझं अभिनंदन केलं.

बुधवार, कागदावर

कुणीतरी प्रवासवर्णनात बारवी धरणाबद्दल लिहावं, कोंडेश्वरच्या धबधब्याबद्दल लिहावं. माझा बुधवार लॉजच्या खोलीत, टेबलाला पाय आपटत गेला. तिन्ही नळ्यांतल्या पाण्याची पातळी नकाशावर मांडत होते, आणि ती मांडता येईना.

जमिनीखालचं पाणीही उताराला धावतं. पहिल्या नळीत पातळी वर, दुसरीत त्याच्या खाली, आणि तिसरीत सगळ्यांत खाली असायला हवी, कारण शेजारच्याच विहिरीतून आम्ही पाणी उपसतोय. माझ्या वहीप्रमाणे तिसरीतलं पाणी दुसरीपेक्षा चांगलं वीतभर वर होतं. म्हणजे पाणी चढावर चाललं होतं.

"शिंदे, तुम्ही पातळी नीट वाचली होती ना?"

"तुम्हीच वाचली होती, मॅडम. मी फक्त लिहिली."

काल आनंदाच्या भरात मी यंत्राकडे पाहिलं, काकींकडे पाहिलं, आणि जिकडे पाहायचं त्या आकड्याकडे पाहिलं नाही. शिंदे सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी हे वाक्य मनातल्या मनात म्हटलं, पण मला ते स्पष्ट ऐकू आलं.

गुरुवार, उजाडताना

सकाळी दाल-पकवानसुद्धा न खाता निघालो. शिंद्यांच्या दृष्टीनं हा त्या फेरीतला सर्वांत मोठा त्याग. काकींच्या अंगणात पोचलो तेव्हा उजाडत होतं. तुळशीपुढे दिवा लागला होता, आणि चार पावलांवर काकी वाकून उभ्या होत्या. कुलूप काढलेलं, झाकण बाजूला ठेवलेलं, आणि काकी नळाच्या पाण्यानं भरलेला तांब्याचा हंडा तिसऱ्या नळीत सावकाश ओतत होत्या. एक थेंब बाहेर सांडू देत नव्हत्या. ओठांत काहीतरी गुणगुणत होत्या.

मी कुंपणाशीच थांबले. शिंदेही थांबले. हंडा रिकामा झाला, काकींनी झाकण लावलं, कुंकू लावलं, नमस्कार केला, आणि मग आम्हाला पाहिलं.

"या, या. आज सकालीच?"

"काकी," मी विचारलं, "हे रोज करता?"

"रोज. तुमी बसवली तवापासून. एक दीस चुकवला नाय." त्यांना माझ्या चेहऱ्याचा अर्थ लागेना. "माझी सासू सांगाची, नवीन इहिरीला वरीसभर जुन्या पान्याचा हंडा पाजाचा. तिला पान्याची चव कलाला पायजे ना? नायतर तिला काय म्हाईत, पानी कसं द्याचं? ही इहीर पन सासूनं अशीच वाढवली. आनि ही," त्यांनी नळीवर हात ठेवला, "ही तर एवरीशी हाय. तान्ही."

दोन महिने. रोज एक हंडा. म्हणजे मी मंगळवारी जे हुंगलं ते नगरपालिकेचं पाणी होतं. आमच्या कामात नमुने बिघडवणारे पुष्कळ प्रकार माहीत आहेत. पाऊस, गळकं झाकण, उंदीर. माया नावाचा प्रकार कुठल्याच यादीत नाही. आणि किल्ली तर आम्हीच दिली होती.

सगळी सकाळ आम्ही तिसऱ्या नळीतलं पाणी उपसत बसलो. काकींचं पाणी संपेपर्यंत उपसलं, आणि मग जमिनीचं पाणी येऊ लागलं. ओळखायला यंत्राची गरज नव्हती. तरी यंत्र सोडलं, आणि ते कोकललं.

काकी ओट्यावर बसून बघत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. पाणी अजून चांगलं झालेलं नाही, मंगळवारी मी बोलायला नको होतं, चूक माझी. मला फार वाईट वाटत होतं, तेही सांगितलं.

काकी नळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच तिला खोटं बोलाला लावलं."

"तसं नाही, काकी."

"तसंच हाय." त्या उठून आत गेल्या. त्या दिवशी आम्हाला भाकरी आली नाही, चहा आला नाही. पाच फेऱ्यांत असं कधी झालं नव्हतं. शिंदे पिंपाचे वॉल्व तपासत होते आणि मी तपासण्यासारखं काही नसलेलं सगळं तपासत होते.

दुपार कलल्यावर काकी बाहेर आल्या. तडक निळ्या पिंपांपाशी गेल्या. शेवटच्या पिंपातून पाइप गटाराला जातो तिथे पाणी पडत होतं. त्यांनी ते हातावर घेतलं, नाकाशी नेलं.

"हे पानी कुठचं?"

"विहिरीतलंच. पिंपातून साफ होऊन येतं."

"कंच्या इहिरीतलं?"

"तुमच्याच, काकी."

"आनि तुमी ते गटारात सोरताव?" काकींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. "दीर वरीस माझे इहिरीचं साफ पानी गटारात? आनि मी इहिरीवरची जाली बघून रडते?"

माझ्याकडे या पाण्याचे दीड वर्षाचे अहवाल होते. शेवटच्या पिंपाचं पाणी दर फेरीला तपासलं जातं, नियमच आहे. दर वेळी प्रयोगशाळा लिहिते, पेट्रोलचा अंश आढळला नाही. ते कागद मी फायलीत लावते. ते पाणी कुणाला हवं असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं. शिकलेल्या माणसाचं हे असं होतं.

या शेवटच्या पिंपाच्या पाण्याचा मंगळवारचा नमुना ठाण्याला गेलेलाच होता. मी फोन करून निकाल उद्याच पाहिजे म्हणून पाठ धरली. काकींना मात्र सांगितलं, "निकाल हातात आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आणि हो म्हटलं तरी आंघोळीपुरतं. प्यायचं नाही."

"हलदीचं पानी कोन पितं गो बाय?" काकी म्हणाल्या. दीड वर्षात पहिल्यांदा मी मॅडमची बाय झाले. पाठोपाठ चहाही आला.

शुक्रवार, पुन्हा कॅम्प चार

गटाराच्या पाइपाखाली कलश धरून हळदीचं पाणी भरणार कसं? नळ हवा होता. गोपीभाईंना हकीकत सांगितली. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"शादी का पानी? और तुम प्लास्टिक का नल मांगता है?" ते माळ्यावर चढले आणि धूळ झटकत एक पितळी नळ घेऊन उतरले. मुठीवर मोर. "ये लगाव. बेटी का हल्दी है, कोई बाथरूम थोडी आहे." आमच्या पाइपाला तो बसेना, तेव्हा मधला तुकडा त्यांनी तिथल्या तिथे कातून दिला. नळ लखलखेपर्यंत स्वतः घासला.

दुपारी निकाल आला. आढळला नाही. मी तो दोनदा वाचला, मग शिंद्यांना मोठ्यानं वाचायला लावला. एका आठवड्यात दुसऱ्यांदा तोंडघशी पडायची माझी तयारी नव्हती.

शनिवार, हळद

पेट्रोलपंपावर गाड्यांची रांग होती, आणि तिच्या शेजारून वाजतगाजत मिरवणूक चालली होती. पुढे बँजो पार्टी, मागे हिरव्या साड्यांतल्या बायका, मधे काकी आणि डोक्यावर कलश घेतलेली मनीषा. हेल्मेट घातलेली माणसं माना वळवून बघत होती की हा देव कुठला. देव म्हणजे आमची तीन निळी पिंपं. त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पिंपावर नारळ फोडायला मी नाही म्हणाले, वॉल्व जाईल म्हणून. त्यावर एक बाई दुसरीला म्हणाली, "पुजारीन करक हाय."

आधी सगळ्या जणी विहिरीपाशी गेल्या. जाळीवरच हळदकुंकू वाहिलं. मग नळापाशी आल्या. बँजो थांबला. काकींनी डोळे मिटले आणि धवला धरला. धवल्याला वाद्य नसतं, नुसता गळा. त्यांनी देवांना बोलावलं, डोंगराला बोलावलं, सासूला बोलावलं. मग विहिरीला म्हणाल्या, तू आजारी आहेस, तू उठू नको, तुझं पाणी आम्हीच वळसा घालून आणतो. पुढे निळी पिंपं आली, मोराचा नळ आला, आणि सांगलीची बाय आली, जिला जमिनीचा वास कळतो पण साफ पाणी कळत नाही. बायका हसल्या. मीही हसले, आणि हसताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मनीषानं मोर फिरवला आणि कलश भरला.

जेवणात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मला ही भाकरी म्हणजे पाहुण्यांसाठी केलेली नाजूक गोष्ट वाटते. शिंदे किती जेवले ते मी लिहीत नाही, त्यांच्या घरी हे वाचतात.

निघताना काकींनी कमरेच्या पिशवीतून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही न्या. माझ्याकरं ऱ्हायली तर माझा हात ऱ्हाचा नाय." मग म्हणाल्या, "कुंकू लावलं तर चालंल?"

"झाकणावर लावा. कितीही लावा."

सांगली

परवा पुढच्या फेरीचे आकडे आले. या वेळी मी गेले नव्हते, शिंदे एकटेच जाऊन आले. पहिली नळी थोडी सुधारलीये, दुसरीही. तिसऱ्या नळीचा आकडा वाईट आहे, तिघींत सर्वांत वाईट. पातळी मात्र जिथे असायला हवी तिथेच, सगळ्यांत खाली. नकाशा एका झटक्यात निघाला.

काकींना फोन केला. काही लपवायचं नाही असं ठरवून आकडा सांगितला, अजून बराच काळ जाईल हेही सांगितलं.

"म्हंजे आता ती खरं बोलाला लागली," काकी म्हणाल्या. "मंग व्हईल बरी."